मालक कोण? महाराष्ट्राच्या कामगार कायद्यांपुढचा मूळ प्रश्न

भारतीय राज्यघटनेने कायदे करण्याचे अधिकार तीन सूचींद्वारे केंद्र आणि राज्ये यांच्यात वाटून दिले आहेत, आणि त्यांपैकी समवर्ती सूचीत, म्हणजे संसद व राज्य विधिमंडळ या दोघांनाही ज्यांवर कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीत, कामगारांचा विषय येतो. या सूचीतील २२, २३ आणि २४ क्रमांकांच्या नोंदींमध्ये कामगार संघटना व औद्योगिक तंटे, सामाजिक सुरक्षा व रोजगार, तसेच कामाच्या अटी, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि प्रसूतिलाभ यांसह एकंदर कामगार कल्याण यांचा समावेश आहे. केंद्राचा आणि राज्याचा कायदा एकमेकांशी विसंगत ठरल्यास अनुच्छेद २५४ नुसार सामान्यतः केंद्राचा कायदा चालतो. मात्र राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळालेली असेल, तर संसद त्या विषयावर नव्याने कायदा करेपर्यंत त्या राज्यापुरता राज्याचाच कायदा लागू राहतो. त्यामुळे महाराष्ट्रात काम करणाऱ्या माणसाला कोणते हक्क आहेत, याचे पूर्ण उत्तर केवळ संसदेच्या कायद्यांत सापडत नाही. त्यातले काही अत्यंत मोलाचे हक्क या राज्याच्या विधिमंडळाने दिले आहेत आणि काही त्याच विधिमंडळाने पुढे आखडतेही घेतले आहेत.

या कायद्यांची चर्चा बहुधा कामाचे तास, पगार, रजा आणि बोनस यांच्याभोवती फिरते. परंतु हक्क हा कोणाकडून तरी मागायचा असतो, आणि ज्याच्याकडून तो मागायचा तो मालक कायद्याला नेमका दाखवता आला नाही, तर कलमे कितीही उदार असली तरी कामगाराच्या पदरात काही पडत नाही. महाराष्ट्राच्या कामगार कायद्यांचा गेल्या शतकभराचा प्रवास या एका प्रश्नाच्या अंगाने पाहिला, तर त्यांची ताकद आणि त्यांच्यातली भगदाडे या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन तयार केले, त्यावर पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम घ्यावे आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत हाती पडावा, या त्यातल्या प्रमुख मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. पुढे १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या विधिमंडळात औद्योगिक तंट्यांचे विधेयक आले, तेव्हा संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या तरतुदींविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि गिरणगावातील साम्यवादी संघटना एकत्र आल्या आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. या लढ्यांमागे एक गोष्ट गृहीत होती: गिरणीला फाटक होते, खात्याखात्यांत हजेरीपट होता, पगाराचा ठरलेला दिवस होता आणि मालकाचे नाव फाटकावरच लिहिलेले होते. मालक कोण, हा प्रश्न गिरणी कामगाराला पडण्याचे कारणच नव्हते.

त्याच मुंबईत मशीद बंदरच्या बाजारपेठांत पोती वाहणाऱ्या माणसाची स्थिती अगदी वेगळी होती. तो सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवी, दुपारी दुसऱ्याचा चढवी आणि संध्याकाळी तिसऱ्याच्या गोदामात थप्पी लावी. त्यामुळे तो दिवसभर राबला तरी कोणा एकाचा नोकर ठरत नसे. सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतून आलेल्या या हजारो माणसांना साप्ताहिक सुट्टी, भविष्य निर्वाह निधी किंवा अपघाताची भरपाई द्यायची कोणी, असे विचारले की व्यापारी मुकादमाकडे बोट दाखवी आणि मुकादम व्यापाऱ्याकडे. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी संघटनेने आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हा प्रश्न लावून धरला, आणि त्यातून ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९’ हा कायदा झाला. देशातील असंघटित कामगारांसाठी झालेल्या कायद्यांत याची बरोबरी करणारा कायदा क्वचितच सापडेल.

या कायद्याने मालक कोण याचा शोध घेत बसण्याऐवजी मालकाच्या जबाबदाऱ्या पार पाडणारी एक स्वतंत्र यंत्रणाच उभी केली. कायद्याच्या अनुसूचीत नमूद केलेल्या कामांसाठी, उदाहरणार्थ किराणा बाजार, लोखंड बाजार, कापड बाजार किंवा भाजीपाला बाजार यांतील चढ-उतार, वाहणे, थप्पी लावणे, मोजणे अशा कामांसाठी, माथाडी मंडळे स्थापन झाली. मंडळ त्रिपक्षीय असते, म्हणजे त्यात शासन, मालक आणि कामगार या तिघांचेही प्रतिनिधी बसतात आणि मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींची संख्या समान असते. काम देणाऱ्या व्यापाऱ्याने आपली नोंदणी मंडळाकडे करायची आणि कामगारानेही करायची, अशी या रचनेची पहिली अट आहे.

बाजारपेठा वाशीला हलल्यानंतरही कामाची रीत फारशी बदललेली नाही. धान्याचा ट्रक गाळ्यापुढे लागला की टोळीतला एक जण वरून पोते सरकवतो, खालचा ते पाठीवर किंवा डोक्यावर घेतो आणि आतला थप्पी लावतो. मजुरी नगावर किंवा वजनावर ठरते आणि टोळीत वाटली जाते. मंडळाच्या व्यवस्थेत व्यापाऱ्याने ही मजुरी मंडळाकडे भरायची असते आणि तिच्या जोडीला ‘लेव्ही’, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांइतकी जादा रक्कम, द्यायची असते. मजुरी मंडळाकडून कामगाराला मिळते आणि लेव्हीतून त्याचा भविष्य निर्वाह निधी, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्ट्यांचा पगार आणि औषधोपचार यांची तजवीज होते. एकाच दिवसात पाच गाळ्यांवर काम केलेल्या हमालाच्या पाच तुटक मजुऱ्या अशा रीतीने एका खात्यावर येतात, आणि ज्याला आयुष्यभर कोणी नोकर म्हटले नाही, त्याला निवृत्तीच्या वेळी निधी मिळतो. माथाडीच्या नावाखाली काही ठिकाणी दमदाटी व खंडणीचे प्रकार होतात, ही उद्योजकांची तक्रार खोटी नाही आणि असे करणाऱ्यांवर फौजदारी कारवाई व्हायलाच हवी. परंतु गुंडांच्या निमित्ताने मंडळांची रचनाच सैल करणे म्हणजे चोराला सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे होईल, कारण या रचनेवाचून पोते वाहणाऱ्या माणसाला दुसरा आधार नाही.

हा आधार सर्वांना मिळालेला नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण ऊसतोड कामगारांचे आहे. बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून, तसेच अहिल्यानगरमधून दरवर्षी गळीत हंगामासाठी लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. साखर कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी असतो, मुकादमाचा व्यवहार मजुराशी असतो आणि हा व्यवहार ‘उचल’ या आगाऊ रकमेवर चालतो, जी हंगामभर काम करून फेडायची असते. मोजणीचे एकक ‘कोयता’ असते आणि कोयता म्हणजे सामान्यतः नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे बाईने पहाटेपासून बांधलेल्या मोळ्यांची मजुरी तिच्या नावावर कुठेच चढत नाही. या कामगारांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ स्थापन केले आहे, पण जोवर ऊस ज्याच्या गव्हाणीत पडतो तो कारखाना कायद्याच्या भाषेत त्यांचा मालक ठरत नाही, किंवा माथाडी मंडळासारखी कायदेशीर यंत्रणा मालकाच्या जागी उभी राहत नाही, तोवर कल्याणाची योजना ही मेहेरबानीच राहते, तिला हक्काचे रूप येत नाही.

मालक आहे, पण तो मालकी नाकारतो, अशी तिसरी स्थिती कंत्राटी कामगारांच्या वाट्याला येते, आणि तिथे राज्याचा आणखी एक महत्त्वाचा कायदा अडखळतो. १९७१ साली संमत झालेला आणि सप्टेंबर १९७५ पासून अमलात आलेला कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांविषयीचा अधिनियम हा कामगार चळवळीत त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांमुळे ‘पल्प’ कायदा या नावाने ओळखला जातो. अनुचित कामगार प्रथा म्हणजे मालकाने किंवा संघटनेनेही करू नयेत अशा ज्या गोष्टी कायद्याने यादी करून सांगितल्या आहेत त्या. सूडबुद्धीने कामावरून काढणे, मर्जीतल्यांना झुकते माप देणे, झालेला करार न पाळणे, आणि कायम होण्याच्या लाभांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून राबवणे, या त्यातल्या काही प्रथा होत. या कायद्याचे बळ असे की कामगार सरकारी खात्याच्या परवानगीची वाट न पाहता थेट कामगार किंवा औद्योगिक न्यायालयात जाऊ शकतो आणि अंतिम निकालापूर्वी अंतरिम दिलासाही मागू शकतो. मात्र कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये असे ठरवले की मालक-नोकर हे नातेच वादग्रस्त असेल, तर या कायद्याखाली तक्रार चालणार नाही. ते नाते आधी दुसऱ्या मार्गाने सिद्ध करून घ्यावे लागेल. ज्या कामगाराला संरक्षणाची सर्वाधिक गरज, म्हणजे ज्याच्या आणि कंपनीच्या मध्ये कंत्राटदार उभा केलेला आहे त्यालाच, या निर्णयांनी जलद न्यायाच्या दारातून परत पाठवले, आणि राज्याने कायद्यात दुरुस्ती करून हे दार पुन्हा उघडायला हवे होते.

दुसरा मार्ग किती लांबचा असतो, हे मुंबई महानगरपालिकेच्या कचरा वाहतूक कामगारांच्या लढ्याने दाखवून दिले. शहराचा कचरा उचलणाऱ्या या माणसांना ‘स्वयंसेवक’ म्हटले जाई आणि त्यांच्या पगाराला ‘मानधन’. कामेही अशा छोट्या गटांत वाटलेली असत की कंत्राटी कामगार कायद्याची त्या वेळची वीस कामगारांची मर्यादा ओलांडली जाऊ नये. गाडी पालिकेची, देखरेख पालिकेची आणि काम तर पालिकेचे कायद्याने नेमून दिलेले कर्तव्यच, तरी कागदोपत्री मालक भलताच. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणापुढे नेले, न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये सुमारे २,७०० कामगार कायम असल्याचा निवाडा दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये तो उचलून धरला. नाव काहीही दिले तरी नाते कामाच्या प्रत्यक्ष स्वरूपावरून ठरते, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. पण त्यासाठी संघटना, वकील आणि वर्षानुवर्षांचा धीर लागला, जो एकट्यादुकट्या कामगाराकडे नसतो.

मालक समोर गल्ल्यावर बसलेला असतानाही हक्क हातचे जातात, ते संख्येच्या अटीमुळे. १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा ज्या भागांत लागू होता, तेथे दुकानात दोन नोकर असले तरी त्यांना साप्ताहिक सुट्टी आणि कामाच्या तासांची मर्यादा मिळत असे. त्याच्या जागी २०१७ चा नवा कायदा आला आणि तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता राहिला. त्याहून लहान दुकानदाराने आपला व्यवसाय सुरू झाल्याची सूचना दिली की पुरे. या कायद्यातील तरतुदी मुळात चांगल्या आहेत. मूळ मजकुरानुसार दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम घेता येत नाही, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती द्यावी लागते, जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो, वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आणि सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या मिळतात, आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दहाची ही अट वीसवर नेण्यास, दैनंदिन तास नऊवरून दहा करण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. व्यवसाय सुलभतेचे कारण त्यासाठी दिले गेले. परंतु कापडाच्या दुकानात बारा तास उभी राहणारी विक्रेती, औषधाच्या दुकानातला पोऱ्या आणि उपाहारगृहातला वेटर हे बहुधा अशाच लहान आस्थापनांत काम करतात. ज्यांना संघटना करणे जवळजवळ अशक्य असते त्यांच्याच डोक्यावरचे छत्र काढून घेणे, हा अन्याय आहे.

लहान आस्थापनांतील कामगारांनी तरीही सर्व आशा सोडण्याचे कारण नाही, कारण काही हक्कांना संख्येची अट नाही. किमान वेतन हा त्यातला पहिला हक्क होय. राज्य शासन उद्योगनिहाय आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीने मूळ दर ठरवते आणि महागाईच्या निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी त्यावर विशेष भत्ता जाहीर करते. या दोन्हींची बेरीज म्हणजे किमान वेतन, आणि त्याहून कमी पगारावर कामगाराने लेखी संमती दिली असली तरी ती कायद्यापुढे टिकत नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेले काम म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध मानलेली वेठबिगारी होय, असे म्हटले आहे. लैंगिक छळापासून संरक्षणाचा हक्कही असाच सार्वत्रिक असून, दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची स्त्री, घरकाम करणारी स्त्रीसुद्धा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. याउलट कर्मचारी राज्य विमा योजना सामान्यतः दहा आणि भविष्य निर्वाह निधी वीस कामगारांपासून लागू होतो.

वेतनचिठ्ठी वाचता येणे हे या सर्वांतले पहिले व्यावहारिक शिक्षण होय. डाव्या बाजूला मूळ वेतन आणि विशेष भत्ता वेगवेगळे दाखवलेले असावेत, कारण केवळ घरभाडे आणि इतर भत्त्यांनी पगार फुगवला तर निधी व उपदान कमी होते. उजवीकडच्या कपातींत व्यवसाय कर असतो, ज्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे. हा कर राज्याने १९७५ साली रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी सुरू केला, म्हणजे शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामाची हमी उचलली, आणि ही गोष्ट या राज्याने अभिमानाने सांगावी अशी आहे. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची २५ रुपयांची किरकोळ कपात दिसते; तिच्या तिप्पट रक्कम मालक भरतो आणि त्यातून महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ मुलांच्या शिष्यवृत्त्यांसह अनेक योजना चालवते, ज्यांसाठी अर्ज करायचा असतो हे बहुसंख्य वर्गणीदारांना ठाऊक नसते. भविष्य निर्वाह निधीची कपात चिठ्ठीवर दिसते, पण ती खात्यात भरली गेली की नाही, हे मात्र खात्याचा उतारा पाहूनच कळते.

केंद्राच्या २९ कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. रद्द झालेले कायदे संसदेचे होते. राज्याचे माथाडी, दुकाने व आस्थापना आणि अनुचित प्रथा हे कायदे त्या यादीत नाहीत. नव्या संहितांनुसार नोकरी सुटल्यावर दोन कामकाजी दिवसांत सर्व वेतन चुकते करायचे आहे, दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांत नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे आणि कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. परंतु कारखाना बंद करण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी घेण्याची अट शंभराऐवजी तीनशे कामगारांपासून लागू होत असल्याने मध्यम आकाराच्या कारखान्यांतील कामगार अधिक असुरक्षित झाले आहेत. मोबाइलवरच्या मागणीनुसार जेवण किंवा माणसे पोहोचवणाऱ्यांची, म्हणजे गिग कामगारांची, दखल या संहितांनी प्रथमच घेतली, पण त्यांची व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करणारे अशी केली. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये या कामगारांसाठी स्वतंत्र कायदे केले असून, त्यांतील नोंदणी, मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क ही रचना माथाडी मंडळाच्या जवळची आहे. ज्या राज्याने ही रचना अर्धशतकापूर्वी उभी करून दाखवली, त्या महाराष्ट्राने आपल्या शहरांत पाठीवर डबे घेऊन धावणाऱ्या मुलांसाठी ती लागू करण्यात मागे राहावे, याचे समर्थन करता येत नाही.

कायदे बदलेपर्यंत कामगाराच्या हाती जे आहे, ते कागदाच्या रूपाने आहे. नियुक्तिपत्र, ओळखपत्र, वेतनचिठ्ठ्या, बँकेतील पगाराच्या नोंदी आणि हजेरीसंबंधीचे संदेश यांच्या प्रती प्रत्येकाने कामाच्या जागेबाहेर जपून ठेवाव्यात, कारण नाते नाकारले गेले तर तेच पुरावे असतात. वेतन थकल्यास वेतन संहितेनुसार तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. तोंडी ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगितले गेले, तर ती तारीख लिहून ठेवावी आणि विलंब न करता कामगार संघटनेकडे किंवा जिल्ह्यातील कामगार आयुक्त कार्यालयाकडे जावे. अनुचित कामगार प्रथेविरुद्ध तक्रार करण्याची मुदत नव्वद दिवसांची आहे, आणि ती उलटून गेल्यास उशिराचे समाधानकारक कारण न्यायालयाला पटवून द्यावे लागते.